जाहिरातीत फोन नंबर लपवून का लिहितात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनं कपाट विकणारे, खोली भाड्याने देणारे, शिकवण्या घेणारे आणि जाहिरात बघून फोन करावा की नाही अशा विचारात पडलेले, सगळ्यांकडून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी काही काळ एका जाहिरातींच्या वेबसाइटसाठी जाहिराती तपासायचं काम केलं, त्यामुळे काही उत्तरं त्या खुर्चीवरून दिसलेली आहेत. उदाहरणांत पूर्ण नंबर कुठेच दिलेला नाही. कुठलाही नंबर लिहा, तो कोणाचा तरी असतोच.

१. लोक फोन नंबर सरळ न लिहिता असा तोडून-मोडून का लिहितात?

कारणं तीन आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. काहींना नंबर गोळा करत फिरणाऱ्या प्रोग्रामपासून वाचायचं असतं. एकदा नंबर त्यांच्या यादीत गेला की कर्ज, विमा आणि न लागलेल्या बक्षिसांचे फोन सुरू होतात. काहींना वेबसाइटला चुकवायचं असतं, कारण तिथे वर्णनात नंबर लिहायला मनाई असते आणि सरळ लिहिला की जाहिरात अडकते. तिसऱ्यांना ओळखीची-अनोळखी माणसं चुकवायची असतात. उद्या ऑफिसातल्या कोणी त्यांचा नंबर सर्चमध्ये टाकला तर ‘पलंग विकणे आहे, अर्जंट’ वर यायला नको.

तिघांचे नंबर दिसायला सारखेच वेडेवाकडे असतात, पण एकाला कामी येणारी युक्ती दुसऱ्याला येईलच असं नाही. अक्षरांत लिहिलेला नंबर सर्चमध्ये सहसा सापडत नाही, पण वेबसाइटच्या फिल्टरला, म्हणजे जाहिराती आपोआप तपासणाऱ्या चाळणीला, तो लगेच कळू शकतो. म्हणून कोणी मला ‘नंबर कसा लपवू?’ विचारलं की मी उलट विचारतो, कोणापासून?

२. नंबर उचलणारा ‘बॉट’ म्हणजे नक्की काय? तो नंबर ओळखतो कसा?

बहुतेक वेळा अगदी साधा प्रोग्राम. पान उघडायचं, मजकूर वाचायचा, हवं ते उचलायचं, पुढच्या पानावर जायचं. याला स्क्रेपिंग म्हणतात. नंबर ओळखायला त्याला अक्कल लागत नाही, साचा लागतो. इतके आकडे एकापुढे एक, मध्ये मोकळी जागा, डॅश किंवा कंस असला तरी चालेल, सुरुवातीला अधिकचं चिन्ह असो वा नसो. अशा साच्याला प्रोग्रामर रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, बोलताना नुसतं रेजेक्स.

नंबराची लांबीसुद्धा ठरलेली आहे. ई.१६४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे देशाच्या कोडसकट जास्तीत जास्त १५ आकडे. म्हणजे साचा आयता आखून मिळतो. त्यात गूगलने बनवलेली लिबफोननंबर नावाची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामरला आयता मिळणारा कोडचा संच, कोणालाही फुकट वापरता येते. ती मजकुरातून नंबर हुडकून काढते, कोणत्या देशाचा ते सांगते, आणि असा नंबर असू शकतो का तेही तपासते. आकड्यांच्या मध्ये जागा सोडली किंवा डॅश टाकले की नंबर लपला असं पुष्कळांना वाटतं. पण नंबर असाच लिहितात हे साच्याला आधीपासून ठाऊक असतं.

३. लोक कोणकोणत्या तऱ्हा वापरतात?

सगळ्यात जास्त दिसते ती सरमिसळ: ‘९ आठ ७ शून्य’. मग शून्याच्या जागी इंग्रजी ओ आणि एकाच्या जागी इंग्रजी एल. ‘डबल चार, ट्रिपल दोन’. नंबराचे दोन तुकडे करून एक शीर्षकात आणि दुसरा वर्णनाच्या शेवटी. आकडे उलट्या क्रमाने, खाली सूचना ‘मागून वाचा’. मध्ये भलतेच आकडे पेरून ‘यातले सगळे पाच गाळा’. एकाने तर शेवटचा आकडा ‘आठवड्याचे दिवस वजा एक’ असा दिला होता. त्याला किती फोन आले देव जाणे.

इमोजीवाले आकडे मात्र फसवे असतात, म्हणजे लिहिणाऱ्यालाच फसवतात. चौकटीतला निळा आकडा दिसतो चित्रासारखा, पण आतून तो साधा आकडाच असतो. त्याच्या मागे दोन अदृश्य खुणा जोडलेल्या असतात, ‘हे चौकटीत दाखव’ अशा अर्थाच्या. प्रोग्रामने त्या दोन खुणा झटकल्या की हातात स्वच्छ नंबर येतो. वर्तुळातल्या आकड्यांचंही तसंच. संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक जागा देणारं मानक म्हणजे युनिकोड. मजकूर एकसारखा करून घेण्याची त्याची जी ठरलेली रीत आहे, तिच्यात वर्तुळ गळून पडतं.

४. देवनागरी आकड्यांत नंबर लिहिला तर बॉटला कळत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. युनिकोडमध्ये देवनागरी ० ते ९ यांना इंग्रजी आकड्यांपेक्षा वेगळ्या दहा जागा आहेत, त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने ती वेगळीच अक्षरं. आता सगळं त्या बॉटच्या लेखकावर येतं. पायथन ३ या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘कोणताही आकडा’ सांगणारी रेजेक्सची खूण देवनागरी आकडेही धरते, तर जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत तीच खूण फक्त इंग्रजी आकडे धरते. म्हणजे एकाच्या जाळ्यातून तुमचा नंबर सुटेल आणि शेजारच्याच्या जाळ्यात अडकेल, आणि दोघांनीही त्याचा विचार केलेला नसेल. वर प्रश्न ३ मधल्या वर्तुळाच्या आकड्यांसारखा देवनागरी आकडा त्या ठरलेल्या रीतीत आपोआप इंग्रजी होत नाही, एवढा एक मुद्दा त्याच्या बाजूने. पण तो बदलायला प्रोग्राममध्ये एक ओळ पुरते.

५. फोटोवर नंबर लिहून टाकला तर जास्त सुरक्षित ना?

साध्या बॉटपासून हो, कारण तो फक्त मजकूर वाचतो. पण चित्रातली अक्षरं वाचणारे प्रोग्राम जुने आहेत. टेसरॅक्ट हा त्यातला प्रसिद्ध प्रोग्राम ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८० च्या दशकात तयार झाला, आणि २००५ मध्ये तो सगळ्यांना खुला करून दिला. पांढऱ्या पट्टीवर ठळक काळे आकडे म्हणजे त्याचं आवडतं खाणं. मोठ्या वेबसाइट आता वर चढवलेले फोटोही असेच वाचून बघतात, त्यामुळे फिल्टर चुकवायला म्हणून कराल तर तिथेही भरवसा नाही.

दुसरं, आंधळी व्यक्ती स्क्रीन रीडरवर जाहिरात ऐकत असेल तर तिच्यासाठी तो नंबर नाहीच. तिसरं जास्त महत्त्वाचं आणि नंबराशी संबंध नसलेलं: फोनने काढलेल्या फोटोत तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. पुष्कळ वेबसाइट ते पुसतात, सगळ्या नाही. नंबर लपवायच्या नादात लोक घराचा पत्ता देऊन बसतात. फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून लोकेशन बंद करा, किंवा काढलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन तो टाका.

६. मग या लपवाछपवीचा काही उपयोग होतो का?

थोडा होतो. ही युक्ती फोनच्या आधी ईमेलसाठी निघाली. १९९० च्या दशकात यूझनेटवर, म्हणजे तेव्हाच्या ऑनलाइन चर्चागटांवर, जाहिरातबाज पत्ते गोळा करू लागले, तेव्हा लोक पत्त्यातलं ॲटचं चिन्ह काढून तिथे शब्द लिहू लागले. कारण तेव्हाही हेच होतं: लाखो पानं चाळणाऱ्याला एखादा पत्ता सुटल्याचं काही वाटत नाही. सोपे पत्ते ढिगाने मिळत असताना अवघडाच्या मागे कोण लागेल? म्हणून तुमचा नंबर शेजारच्या जाहिरातीतल्या नंबरापेक्षा थोडा जरी अवघड असला तरी आळशी बॉट पुढे सरकतो.

हे गणित आता बदललं आहे. भाषा समजणाऱ्या एआय मॉडेलला ‘मागून वाचा’ किंवा ‘पाच गाळा’ ही सूचना तुमच्या-माझ्यासारखीच कळते, आणि असं वाचून घेणं दिवसेंदिवस स्वस्त होत चाललंय. माझा अंदाज विचाराल तर अक्षरांत लिहिलेला नंबर अजूनही काही फुकटचे फोन वाचवतो. पण ज्याला खास तुमचाच नंबर हवा आहे त्याच्यापुढे ही कडी आहे, कुलूप नाही. तो हाताने लिहून घेईल.

७. वर्णनात नंबर लिहिला म्हणून माझी जाहिरात काढली. नंबर माझा, वस्तू माझी, त्यांचं काय गेलं?

दोन गोष्टी असतात, आणि वेबसाइट त्यातली एकच मोठ्याने सांगते. सांगते ती सुरक्षितता: बोलणं त्यांच्या चॅटमध्ये झालं तर तक्रार आल्यावर काय ठरलं होतं ते बघता येतं, फोनवर झालं तर काही हाती लागत नाही. हे खोटं नाही. न सांगितलेली गोष्ट पैशाची. जिथे व्यवहारावर कमिशन आहे तिथे गिऱ्हाईक आणि विक्रेता परस्पर भेटले की कमिशन बुडतं. म्हणूनच घरं-खोल्या थोड्या दिवसांसाठी भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीसारख्या ठिकाणी बुकिंग पक्कं होण्याआधी मेसेजमध्ये लिहिलेला नंबर झाकला जातो.

मी जाहिराती तपासायचो तिथे फिल्टरने पकडलेल्या जाहिराती रांगेत समोर येत. बऱ्याचदा पकडलेला ‘नंबर’ म्हणजे शिलाई मशीनचा मॉडेल क्रमांक, पुस्तकाचा आयएसबीएन, नाहीतर फुटबॉल क्लबच्या जुन्या तिकिटांवरचे आकडे. आणि खरा नंबर त्याच जाहिरातीत खाली निवांत बसलेला, ‘नऊ सात’ करत. तुमची जाहिरात निर्दोष असून अडकली असेल तर आधी असा एखादा लांबलचक आकडा शोधा आणि तो काढून पुन्हा टाका. भांडण्यापेक्षा ते लवकर होतं.

८. नंबर लपवलेली जाहिरात म्हणजे फसवणूक समजायची का?

नुसत्या तेवढ्यावरून नाही. प्रश्न १ मधली तिन्ही कारणं प्रामाणिक माणसाचीही असतात. पण ठगाला चौथं कारण असतं. त्याचा नंबर वेबसाइटच्या बंदीच्या यादीत गेलेला असतो, आणि सरळ लिहिला तर लगेच जुळून जाहिरात पडेल. म्हणून तो प्रत्येक जाहिरातीत तोच नंबर निराळ्या तऱ्हेने मोडतो.

मी असं बघायचो: जिथे चॅट आहे तिथे चॅटवर उत्तरच येत नाही, पण नंबर शीर्षकात, वर्णनात आणि फोटोवर अशा तिन्ही ठिकाणी तिरका लिहिलेला. भाव बाजारापेक्षा खूप कमी. खाते नवं. वस्तूचे फोटो एवढे सुबक की घरातले वाटत नाहीत. आणि फोन केला की पहिल्या दोन मिनिटांत आगाऊ पैशाची गोष्ट. यातली एखादी खूण योगायोग असू शकते, पण तीन जमल्या तर मी जाहिरात पाडायचो आणि सहसा पस्तावायचो नाही.

९. गिऱ्हाईक म्हणतं, ‘तुम्ही खरे आहात का हे बघायला एक कोड पाठवलाय, तो सांगा.’ सांगू का?

नाही. कधीच नाही. जाहिरातीत नंबर देणाऱ्यांना गाठणारा हा ठरलेला डाव आहे. अमेरिकेत तो गूगल व्हॉइस या इंटरनेटवरून फोन नंबर देणाऱ्या सेवेच्या नावाने गाजला आणि ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने त्याबद्दल लोकांना सावध केलं. ठग तुमचा नंबर वापरून गूगल व्हॉइसचा नवा नंबर काढायला बसतो. खात्री करायला गूगल सहा आकडी कोड तुमच्या फोनवर पाठवतं, आणि तो तुमच्याकडूनच मागून घेतला जातो. पुढे त्या नव्या नंबरावरून तो इतरांना गंडवतो, आणि माग काढत गेलं की तुमच्या नंबराशी पोहोचतो. मेसेजिंग ॲपचं खातं पळवायलाही हीच चाल चालते. कोडबरोबर आलेला मेसेज पूर्ण वाचा. कोड कोणालाही सांगू नका असं बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. इथे नंबर लपवून काही फायदा नाही, कारण तुम्ही फोन उचललेला असतो.

१०. नुसत्या नंबरावरून कोणाला काय कळणार?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच. नंबर सेव्ह करून मेसेजिंग ॲप उघडलं की नाव आणि फोटो दिसू शकतो. फेसबुकमध्ये फोनच्या यादीतून मित्र शोधायची जी सोय होती, तिच्यातून २०१९ पर्यंत कोणीतरी ढिगाने नंबर आणि नावं जुळवून घेतली. एप्रिल २०२१ मध्ये ती यादी सगळ्यांपुढे आली तेव्हा तिच्यात १०६ देशांतली ५३ कोटींहून जास्त खाती होती. कोणी पासवर्ड फोडला नव्हता. नंबर विचारले आणि उत्तरं मिळत गेली, एवढंच.

त्याहून घरगुती धोका म्हणजे तुमच्याच जाहिराती एकमेकींना जोडल्या जाणं. खोलीच्या जाहिरातीत इमारतीचं नाव, गाडीच्या जाहिरातीत नंबरप्लेट, शिकवणीच्या जाहिरातीत ‘संध्याकाळी सहा ते नऊ घरी नसते’. तिन्हीत नंबर एकच. वेगवेगळ्या वाचल्या तर काही नाही, नंबराने एकत्र ओवल्या तर एका बाईचं घर, गाडी आणि घर रिकामं असण्याची वेळ. अशा वेळी दर जाहिरातीत नंबर वेगळ्या तऱ्हेने लिहिल्याने खरंच फायदा होतो, कारण सर्चला तो एकच नंबर आहे हे सहज कळत नाही.

११. जाहिरात काढली की नंबरही जातो ना?

त्या वेबसाइटवरून जातो. पण जाहिराती उचलून आपल्या पानांवर लावणाऱ्या इतर वेबसाइट असतात. क्रेगलिस्ट या अमेरिकेतल्या जाहिरातींच्या वेबसाइटने २०१२ मध्ये थ्रीटॅप्स नावाच्या कंपनीवर याच कारणावरून दावा लावला होता, तो २०१५ मध्ये तडजोडीने मिटला. इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून पानांच्या प्रती जपतं आहे. सर्च इंजिनमध्येही काही दिवस जुनी ओळ दिसत राहते.

एक सवय लावून घ्या. जाहिरात काढण्याआधी ती एडिट करून नंबर पुसा, तसाच काही दिवस राहू द्या, मग काढा. पुन्हा येणारा स्क्रेपर बिननंबरी प्रत घेऊन जातो. आधीच प्रत घेऊन गेलेल्यावर अर्थात इलाज नाही.

१२. असे मोडलेले नंबर पोलिसांना वाचता येतात का?

येतात, आणि या विषयातलं सगळ्यात गंभीर संशोधन तिथेच झालं आहे. माणसांची तस्करी करणारे ऑनलाइन जाहिराती देतात, नावं-फोटो बदलत राहतात, पण गिऱ्हाइकाला फोन तर करता आला पाहिजे. त्यामुळे नंबर हाच धागा उरतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये मेमेक्स नावाचा कार्यक्रम सुरू केला, तो अशा जाहिराती ढिगाने वाचून एकमेकींशी जोडायला वापरला गेला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या संशोधकांनी मुद्दाम बिघडवलेले नंबर अक्षर-अक्षर वाचून ओळखणारी मॉडेलं मांडली.

म्हणजे एकच युक्ती फुकटच्या फोनांना कंटाळलेला शिक्षकही वापरतो आणि तस्करही, आणि तस्कराचा माग काढणारं हत्यार शिक्षकाचाही नंबर वाचतं. यावर मला सोपं उत्तर सापडलेलं नाही.

१३. लपवलेला नंबर गिऱ्हाइकाला लावता येतो का, की गिऱ्हाईकच पळतं?

माझी गोष्ट सांगतो. पुस्तकांचं कपाट विकायचं होतं. शहाणपणा करून नंबर जोड्या-जोड्यांनी अक्षरांत लिहिला, शेवटची जोडी ‘एकोणऐंशी’. दोन दिवस फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशी एक आजी बोलल्या, “अहो, ते कपाट एकदाचं विकून टाका हो, माझा फोन थांबत नाहीये.” लोक एकोणऐंशी वाचून ८९ दाबत होते आणि तो नंबर त्यांचा होता. एका गिऱ्हाइकाकडून त्यांनी जाहिरात वाचून घेतली, बरोबर आकडा काढला आणि मला लावला. आपल्या आकड्यांत ‘एकोण’ आलं की निम्म्यांची बोटं चुकतात. अक्षरांत लिहायचंच तर जोड्या नकोत, एकेक आकडा लिहा: सात नऊ.

शिवाय मोडलेला नंबर बोट लावून थेट डायल होत नाही, कॉपी करून पेस्ट होत नाही. ज्याला चष्मा लागतो, ज्याला भाषा जेमतेम येते, जो स्क्रीन रीडर वापरतो, तो पुढच्या जाहिरातीकडे जातो. बॉटच्या आधी हीच माणसं गळतात.

१४. मग मी करू काय?

वेबसाइटवर चॅट किंवा ‘नंबर दाखवा’ असं बटण असेल तर तेच वापरा. बटणामागचा नंबर पानाच्या मजकुरात सहसा आधीपासून नसतो, मागितल्यावर येतो, आणि एकाच ठिकाणाहून हजार वेळा मागणारा वेबसाइटला दिसतो. काही सेवा मध्ये तात्पुरता नंबर ठेवून दोघांना जोडून देतात, ते सगळ्यात बरं. वरचेवर विक्री करत असाल तर त्यासाठी वेगळं सिम ठेवा आणि त्या नंबरावर बँक किंवा ईमेलचं खातं जोडू नका. पुढे ते सिम बंद केलंत तर तो नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला मिळेल, हे लक्षात असू द्या. यातलं काहीच जमत नसेल आणि मनाई नसेल, तर एकेक आकडा अक्षरांत.

१५. माझा धंदा आहे. मीही लपवावा का?

नको. दुकानाचा नंबर सापडावा म्हणूनच असतो. फुकटचे फोन येतील, ते धरून चाला, आणि घरचा नंबर वेगळा ठेवा.

१६. माझा नंबर दुसऱ्यानेच कुठल्यातरी जाहिरातीत टाकलाय, मोडून. सर्चमध्ये सापडतही नाही. काय करू?

फोन करणाऱ्यांवर ओरडू नका, जाहिरात फक्त त्यांनाच दिसलेली असते. शांतपणे विचारा, “जाहिरात कुठे पाहिलीत? लिंक पाठवता का?” दहातला एक तरी पाठवतो. लिंक मिळाली की पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा, आणि मगच वेबसाइटकडे तक्रार करा, कारण जाहिरात पडली की पुरावाही जातो. तक्रारीत नंबर जाहिरातीत जसा मोडून लिहिलाय तसाच लिहा, आणि शेजारी सरळही लिहा. तपासणाऱ्याला रांगेत शेकडो जाहिराती असतात, त्याला तुमचा नंबर त्या वाकड्या ओळीत दिसलाच नाही तर तो ‘नंबर आढळला नाही’ म्हणून तक्रार बंद करतो. मीही केल्या आहेत. जाहिरात अश्लील असेल किंवा फोन धमकीचे असतील, तर वेबसाइटच्या उत्तराची वाट न बघता तेच स्क्रीनशॉट आणि आलेल्या फोनांची यादी घेऊन पोलिसांकडे जा. चूक झालेल्या आकड्यामुळे फोन येत असतील, प्रश्न १३ मधल्या आजींसारखे, तर आधी जाहिरात देणाऱ्यालाच फोन लावून बघा.